खुलासा : ‘टाइम’ची मालकी टाइम वॉर्नरकडे नाही

सोलापुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर अमेरिकी नियतकालिकांबद्दल ‘टाइम, फॉर्च्यून, पीपल, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड : मालक टाइम वॉर्नर’ असं टिपण फिरतंय. ते जुनं आहे. टाइम वॉर्नर या अमेरिकी माध्यम कंपनीनं २०१४ मध्येच नियतकालिकांची ‘टाइम इन्क.’ ही कंपनी वेगळी काढली. जानेवारी २०१८ मध्ये ती मेरेडिथ या प्रकाशन कंपनीनं घेतली आणि तुकड्यांनी विकायला काढली. ‘टाइम’ उद्योजक मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या पत्नीकडे गेलं, १९ कोटी डॉलरना. ‘फॉर्च्यून’ थायलंडच्या उद्योगपतीकडे, १५ कोटींना. ‘पीपल’ मेरेडिथकडेच राहिलं, पण २०२१ मध्ये मेरेडिथचा नियतकालिकांचा व्यवसायच आयएसी या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या डॉटडॅश या प्रकाशन शाखेनं घेतला.

घोळ होतो तो ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये. नावाची मालकी ऑथेंटिक ब्रँड्स या कंपनीची, अंक काढणारा मात्र ते नाव वापरण्याचा परवानाधारक. २०२४ पासून ही परवानाधारक कंपनी म्हणजे मिनिट मीडिया. मालक आणि प्रकाशक एकच धरलं की उत्तर हमखास चुकतं.

जुनं टिपण कृपया पुढे पाठवू नका. टाकलं असेल तर काढा.