पेन्सिल्व्हेनिया प्लस वन

अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देणं हे काही फार अक्कल लागणारं काम नाही. ते कुणीही करतं. खरी साधना आहे ती स्विंग स्टेटचे, म्हणजे दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणाऱ्या राज्यांचे, पोल (मतदानाआधीच्या चाचण्या) बघण्याची. २०२४ साली न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींनी या क्षेत्रात जी झेप घेतली ती जवळून पाहिली, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात म्हणते. २०२८ काही लांब नाही.

सुरुवात पाठांतरापासून करा. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या इलेक्टोरल मतांवर, आणि जिंकायला २७० लागतात. पेन्सिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलायना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेव्हाडा ६. एकूण ९३. रोज आंघोळीच्या वेळी म्हणा. २७० गाठायचे मार्ग किती, हे चहा निवायच्या आत सांगता आलं पाहिजे. "ब्लू वॉल (म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन) राखली आणि नेब्रास्कातलं ओमाहाचं एक मत मिळालं, की बरोब्बर २७०!" ओमाहा नकाशावर दाखवता आलं नाही तरी चालेल. आपल्या गावचा मेयर कोण हे तर अजिबात ठाऊक नसावं. ज्ञान उगाच पसरट होतं.

दात घासण्याआधी सगळ्या पोलची सरासरी बघा. घासून झाल्यावर पुन्हा बघा.

दशांश चिन्हाचा मान राखा. ४८.२ चे ४७.९ झाले म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय. आठशे माणसांच्या पोलमध्ये साडेतीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, हे पोल घेणारे स्वतःच तळाशी बारीक अक्षरांत लिहितात. तेही एकेका उमेदवाराच्या आकड्याला. दोघांमधल्या अंतराला जवळपास दुप्पट. म्हणजे 'हॅरिस ४८, ट्रम्प ४७' याचा सरळ अर्थ असा, की हॅरिसबाई बऱ्यापैकी पुढे असतील, ट्रम्प बऱ्यापैकी पुढे असतील, किंवा दोघं बरोबरीत असतील. पण तळाची अक्षरं वाचायला आपण काय विम्याचे कागद वाचतोय? 'प्लस वन' दिसलं की ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी टाका. दोन दिवसांनी 'मायनस वन' आलं की "या देशाचं काही खरं नाही" असं लिहून मोकळे व्हा.

आपल्या बाजूचा पोल म्हणजे शास्त्र आणि विरुद्धचा म्हणजे सॅम्पलची गडबड. हा नियम दोन्हीकडच्या भक्तांना सारखाच लागू आहे. विरुद्धचा पोल आला की लगेच आतले तक्ते उघडायचे. तिथे तिशीच्या आतल्या, कॉलेज न केलेल्या, लॅटिनो पुरुषांचा रकाना सापडेल. त्यात माणसं असतील जेमतेम पंचवीस. त्या पंचवीस जणांवरून अख्खा पोल खोटा ठरवा. आपल्या बाजूचा असेल तर तक्ते उघडूच नयेत, नजर लागते.

इतिहासाचे दाखले पाठ हवेत. २०१६ला विस्कॉन्सिनमध्ये क्लिंटनबाई पोलमध्ये सहा-सात टक्क्यांनी पुढे होत्या. इतक्या पुढे, की प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात त्या त्या राज्यात एकदाही फिरकल्या नाहीत. पडल्या तेवीस हजार मतांच्या आत. कॉलेज शिकलेली माणसं पोलवाल्यांशी जास्त बोलतात, आणि बऱ्याच राज्यांतल्या पोलमध्ये त्याचा हिशेबच धरला नव्हता. मग २०२०ला सुधारणा झाली. इतकी, की शेवटच्या आठवड्यात एका नामांकित पोलने बायडेनना विस्कॉन्सिनमध्ये १७ टक्क्यांची आघाडी दिली. ते एकवीस हजारांच्याही आत जिंकले. यावरून काय शिकायचं? की पोल पूर्वी चुकायचे, यंदाचे बरोबर आहेत.

आता महत्त्वाचं पथ्य. स्वतः मात्र पोलवाल्यांचा फोन कधीही उचलू नका. अनोळखी नंबर दिसला की "स्पॅम" म्हणून कापा. शंभर जणांना फोन लावला तर एक-दोघंच बोलतात, आणि त्या एक-दोघांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधायची कसरत पोलवाले करतात, हे तुम्हाला माहीत असलं तरी कापाच. नंतर त्याच फोनवर त्यांचे आकडे उघडून "यांची मेथडॉलॉजी कच्ची आहे" असं म्हणा.

पुण्याहून मामांचा फोन आला आणि "पेन्सिल्व्हेनिया काय म्हणतंय?" असं त्यांनी विचारलं, तर खोल आवाजात "टाइट आहे" एवढंच म्हणा, संध्याकाळी पारावर ती आतल्या गोटातली बातमी होते.

मॉडेलवर श्रद्धा असू द्या. पोलवरून निकालाचा अंदाज बांधणारे नेट सिल्व्हर यांनी शेवटच्या रात्री कॉम्प्युटरवर ८०,००० वेळा निवडणूक घेतली. हॅरिस जिंकल्या ४०,०१२ वेळा. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. वीजही कमी लागली असती. पण आमच्या ग्रुपवर मध्यरात्री संदेश आला, "हॅरिस आघाडीवर!!" त्याखाली अठरा अंगठे. याच सिल्व्हर यांनी आधी सांगितलं होतं की सात राज्यांत इतके पोल इतके सारखे येणं निव्वळ योगायोगाने शक्यच नाही, कळपासोबत राहायचं म्हणून काहीजण आकडे जुळवून घेत असणार. त्याला एकही अंगठा नाही.

आता आयोवा. याबद्दल मी शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

शनिवार, २ नोव्हेंबर. पाडवा. एका स्नेह्यांकडे फराळ आणि मुलांचा छोटा कार्यक्रम. माझी लेक पेटी वाजवणार होती. गणपतीपासून तिची तयारी चालू होती, घरातल्या भिंतींनाही ते गाणं पाठ झालं होतं. ती बसली, भाता हलवला, पहिली ओळ वाजली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आयोवा आला!" झालं. अर्धी खोली उठली. आयोवा हे स्विंग स्टेटसुद्धा नव्हतं हो त्या वर्षी! ट्रम्प दोनदा आठ-नऊ टक्क्यांनी जिंकलेलं राज्य. पण आयोवात वर्षानुवर्षं पोल घेणाऱ्या ॲन सेल्झर यांचा पोल, त्यांचा दबदबा मोठा, आणि त्यात हॅरिस ४७, ट्रम्प ४४. जे हॅरिसवाले ते एकमेकांना टाळ्या देत होते. जे ट्रम्पवाले ते "बाई विकली गेली" म्हणत होते. यजमान वहिनी नवऱ्याला ओवाळायला तबक घेऊन उभ्या, निरांजनातलं तूप संपत आलेलं, आणि अहो फोनमध्ये नाक खुपसून, "थांब गं जरा, पासष्टीवरच्या बायकांचा आकडा बघ काय आलाय!" अहो, तुमच्या समोर एक बाई तबक घेऊन उभी आहे, तिच्याकडे बघा ना! माझ्या लेकीने गाणं पूर्ण केलं. कोपऱ्यातल्या दोन आज्यांनी टाळ्या वाजवल्या. एका काकांनी मला जेवताना खिंडीत गाठलं आणि पुरी गार होईपर्यंत समजावलं, की आयोवात हे होतंय म्हणजे शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये लाट आहे आणि मिशिगन तर खिशातच. हे काका सिटिझन होऊन पंधरा वर्षं झाली. मी विचारलं, "काका, तुम्ही मत देऊन आलात?" अर्ली व्होटिंग चालू होतं. त्या दिवशीसुद्धा रात्री आठपर्यंत केंद्र उघडं होतं, घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. काका म्हणाले, "छे! न्यू जर्सीत काय, निळंच आहे, डेमोक्रॅटांचंच. आपल्या मताने काय फरक पडतो?"

आयोवात ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले. सेल्झरबाई पोलच्या धंद्यातून बाहेर पडल्या. काका कुठेही गेलेले नाहीत, त्यांनी परवाच २०२८चा पहिला पोल पाठवला.

निकालानंतरची युक्ती सोपी आहे: "मी म्हटलंच होतं." काहीही लागलं तरी चालते.

आणि खरं तर पोल फारसे चुकलेही नव्हते. सातही राज्यांत चुरस दाखवत होते, बहुतेक राज्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला, सातही ट्रम्पना गेली, ३१२ विरुद्ध २२६. "जवळपास बरोबरी आहे, कुणीही जिंकू शकतं" एवढंच पोल म्हणत होते. त्यांच्याकडून जास्त काही ऐकायचं होतं ते तुम्हाला.

बास झाली थट्टा. आता सरळच बोलते.

ज्या राज्यात तुम्ही राहता, घरपट्टी भरता, मुलं शाळेत घालता, त्या राज्यात काय चाललंय याचा तुम्हाला पत्ता नव्हता. न्यू जर्सीत बायडेन सोळा टक्क्यांनी जिंकले होते. हॅरिस जिंकल्या त्या सहाच्याही आत. चार वर्षांत दहा टक्के सरकले! पसैक काउंटी ट्रम्पकडे गेली! तुम्हाला ते आवडलं असो वा नसो, तुमच्या दारात घडत होतं, आणि तुम्ही नेव्हाडातल्या वेट्रेसच्या टिप्सवरच्या करावर वाद घालत होतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय.

बरं, पेन्सिल्व्हेनियाची एवढीच काळजी होती ना? मग रूट वनने ट्रेंटनचा पूल ओलांडला की पलीकडे मॉरिसव्हिल, म्हणजे बक्स काउंटी. तुमच्या घरापासून तासाभराचा रस्ता. तिथल्या सेसमी प्लेस या पार्कला पोरांना न्यायला तो टोल तुम्ही दर उन्हाळ्यात भरता. ऑक्टोबरातल्या एकाही शनिवारी तुमच्यापैकी कुणी तिथे चार दारं ठोठावली? कुठल्याही पक्षाची! त्या काउंटीत चारेक लाख मतं पडली आणि फरक होता तीनशेच्याही आत. तुमच्या ग्रुपवर तीनशेहून जास्त मेसेज एका आयोवावर पडले होते.

आणि "आपल्या मताने काय फरक पडतो" हे पुन्हा माझ्यासमोर म्हणू नका. अध्यक्षाचं सोडा. त्याच मतपत्रिकेवर सिनेटर होता, काँग्रेसची जागा होती, काउंटीचे लोक होते, स्कूल बोर्ड होतं. शाळेत गणिताचा ॲडव्हान्स वर्ग बंद झाला म्हणून वर्षभर कुरकुर कोण करतं? तुम्ही. प्रॉपर्टी टॅक्स भरमसाट म्हणून दर पार्टीत गळा कोण काढतं? तुम्हीच. त्यातला मोठा वाटा शाळांना जातो आणि तो कसा खर्च करायचा हे ते बोर्ड ठरवतं. त्या निवडणुकांचा पोल कुणी घेत नाही, टीव्हीवर नकाशा लागत नाही, म्हणून तुम्हाला त्यात रस नाही. लाज वाटायला हवी. हिरवं कार्ड आणि व्हिसावर असलेली माणसं मत देता येत नाही म्हणून तळमळतात. तुमच्याकडे मत आहे, तर तुम्ही पुरीसोबत मला मिशिगन खायला घालता.

पुढच्या वेळी "विस्कॉन्सिन प्लस टू" घेऊन माझ्याकडे येण्याआधी स्कूल बोर्डाला मत कुणाला दिलंत त्याचं नाव सांगा. एकच नाव. सांगता येत नसेल, तर ते विस्कॉन्सिन तुमच्याकडेच ठेवा.