अम्माचं मत काढून घेणारे तुम्ही कोण?

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. एका जुन्या वर्गमित्राने लिहिलं, ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला मतदानाचा हक्कच नको, या अंगठेबहाद्दरांनी देशाचं वाटोळं केलं. त्याखाली धडाधड ‘अगदी बरोबर’ येत गेलं. एकाने तर हरियाणाचा दाखला दिला: बघा, सुप्रीम कोर्टानेही मान्य केलंय.

माझी आई अंगठा उठवते. आमच्या घरी तिला अम्मा म्हणतात, आणि ग्रुपवरचे निम्मे लोक तिच्या हातचं जेवून मोठे झालेत. म्हणून हे लिहितोय.

आधी हरियाणाचं. 2015 मध्ये तिथे पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, हे खरं. पण ती अट उमेदवारांना होती, मतदारांना नाही. राजस्थानने तशीच अट आणली होती, 2019 मध्ये काढून टाकली. माझ्या मते उमेदवारांनाही ती लावणं अन्यायाचंच आहे. गावात शाळा नव्हती, किंवा होती पण मुलीला पाठवलं नाही, याची शिक्षा त्या बाईने चाळिशीत का भोगायची?

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. ‘तुमच्याकडे बघा कसे सगळे शिकलेले’ असं मलाच ग्रुपवर सांगितलं जातं, तेव्हा इथलं थोडं ऐका. प्रशिया या इथल्या जुन्या राज्याच्या राजाने खेड्यापाड्यांतल्या मुलांना शाळा सक्तीची केली 1763 मध्ये. आपला शिक्षणहक्क कायदा अमलात आला 2010 मध्ये. इतकी वर्षं पुढे असलेल्या या देशात 2018 च्या पाहणीत 18 ते 64 वयाचे सुमारे 62 लाख लोक असे निघाले की ज्यांना सुटी वाक्यं कशीबशी वाचता येतात, पण सलग मजकूर समजत नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची मातृभाषा जर्मनच, आणि बहुतेक जण नोकरी करणारे. आमच्या लागरमध्ये, म्हणजे गोदामात, असा एक जण आहे. नवा फॉर्म आला की म्हणतो, चष्मा घरी राहिला, उद्या भरून आणतो. दुसऱ्या दिवशी फॉर्म बायकोच्या अक्षरात येतो. फोर्कलिफ्ट त्याच्याइतकी सफाईने कोणी चालवत नाही. त्याचं मत काढून घ्या असं मी इथे कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. उलट ज्याला वाचता येत नाही त्याने मतदानासाठी सोबत मदतनीस न्यावा, असं निवडणुकीच्या कायद्यातच लिहिलंय.

आपल्याकडची निरक्षरता याहून कितीतरी खोल आहे, हे मला कळतं. 2011 च्या जनगणनेत आमच्या सोलापूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 77 टक्के होती आणि बायकांची 70 च्याही खाली. अक्षरओळख नसल्याने काय होतं ते मी घरात पाहिलंय, म्हणून कुणी मला निरक्षरतेचे गोडवे गातोय असं म्हणू नये.

अम्मा विड्या वळायची. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमधून तेंदूचं पान आणि तंबाखू आणायचं, पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, संध्याकाळी माल द्यायला जायचं. तिथला माणूस मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. उरलेल्याचा आकडा तो वहीत लिहायचा. तिसरीत गेल्यावर मी ती वही वाचायला लागलो. हजार विड्या दिल्या त्या दिवशी वहीत साडेआठशे. आदल्या दिवशीही तसंच. अम्मा घरी भिंतीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवायची आणि तिच्या रेघा बरोबर होत्या. चूक कागदावर होती, पण मान कागदालाच होता. पुढे भविष्यनिर्वाह फंडाचे पैसे काढायची वेळ आली तर तीन कागदांवर तिचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं निघालं. एका कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घातले तिने. लिहिणारे सगळे शिकलेले होते.

निरक्षरतेची किंमत ही अशी रोज वसूल होते, आणि वसूल करणारा साक्षर असतो. ही बाई घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारणीशी कानडी बोलते. तिला अक्कल नाही हे ठरवायचं कुणी?

तिच्या मताचंच बोलायचं तर उजनी धरण काठोकाठ भरलं तरी शहरात काही दिवसांआड पाणी येतं. घागरी, पिंप भरून ठेवण्यात तिचं आयुष्य गेलं. नळाचं वचन कुणी दिलं, कुणी मोडलं हे तिला तोंडपाठ आहे आणि ती त्याप्रमाणे चिन्ह बदलते. आमच्या ग्रुपवरचे इंजिनिअर मात्र आलेला फॉरवर्ड न तपासता पुढे ढकलतात आणि मत जातीला देतात. मला हे लिहिताना त्रास होतो, पण हे खरं आहे.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची 10 हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, मागाहून 30 हजार घरांचं रे नगर आलं. वर्षानुवर्षं मोर्चे काढले ते या बायकांनी, आणि त्यातल्या कित्येकींना हातातल्या फलकावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. सरकार त्यांच्यापुढे नमलं, कारण त्या मतदार होत्या. मत नसतं तर त्या उन्हात बसलेल्यांची दखल कुणी घेतली असती?

शिक्षण, मालमत्ता आणि कर बघून मत देण्याची पद्धत इंग्रजांची होती, 1935 च्या कायद्यातही ती होती. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यावर उतरलेले गिरणी कामगार त्या मतदार यादीत बसले नसते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे फासावर गेलेले चौघे ज्या गावचे त्या गावची आपण मुलं, आणि इंग्रजांचीच चाळणी परत मागतोय.

मित्रा, तुला न बोललेलं एक सांगतो. इथे मी कर भरतो, पोरं इथल्या शाळेत जातात, पण बुंडेस्टागसाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, मला मत नाही, कारण पासपोर्ट भारताचा आहे. तो सोडवत नाही. तिकडे मत द्यायचं तर मतदानाच्या दिवशी सोलापुरात हजर राहावं लागतं. 7 मे 2024 ला अम्मा उन्हातून रांगेत गेली आणि मी इथे मीटिंगमध्ये होतो. दोन पदव्या असून माझं मत कुठेच मोजलं जात नाही. आमच्या घराचं म्हणून जे काही त्या देशात मोजलं जातं, ते अम्माचं मत आहे. तेच तू काढून घ्यायला निघालास, म्हणून माझा एवढा जळफळाट झाला.

खरंच चीड असेल तर ‘उल्लास’ योजनेखाली पंधरा वर्षांपुढच्यांना स्वयंसेवकांनी शिकवायचं असतं. ग्रुपवर शिक्षक आहेत, त्यांनी अशोक चौकाच्या बाजूला एक वर्ग धरावा. वर्ग संध्याकाळी माल देऊन बायका परतल्यावरच ठेवावा लागेल, आणि सुरुवात बाराखडीने न करता मालाच्या वहीतले आकडे आणि स्वतःचं नाव यांनी करावी. त्या तासाभरात जेवढ्या विड्या वळल्या गेल्या असत्या तेवढी मजुरी बुडते, म्हणून बायका येत नाहीत. ती मजुरी मी दर महिन्याला पाठवतो. वर्ग कोण घेतंय तेवढं ग्रुपवर लिहा.