वानराचा साउंडस्टेज

"सर, माझे पैसे द्या," पिंट्या म्हणला.

सरांनी अजून चहाला तोंड पण लावलं नव्हतं. रविवारची संध्याकाळ, मामाच्या हॉटेलापुढचा आपला नेहमीचा कट्टा, वसमत रोडवरून ऊसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, आणि पिंट्या दुपारपासूनच तापलेला. कारण सगळ्यांना माहीतच आहे. सरांनी ग्रुपवर तो जो निबंध टाकला होता, "दोन हजारांच्या आत असा साउंडस्टेज होणे नाही" म्हणून, तो वाचून पिंट्यानं तेच इअरफोन मागवले, आणि लाज सोडून सांगतो, मी पण मागवले. टँगझू वॅनअर. कट्ट्यावर त्याचं पहिल्याच दिवशी वानर झालं.

"कामून देऊ पैसे? खराब निघाले का?"

"खराब नाही. पण साउंडस्टेज नाही त्यात."

आता पिंट्याला साउंडस्टेज म्हंजे काय हे आठ दिवसांपूर्वी ठाऊक नव्हतं. ट्रॅक्टरवर बसून गाणी ऐकणारा माणूस. पण निबंधात लिहिलं होतं की आवाज डोक्याच्या बाहेर येतो, खोलीत कुणी बसून गातंय असं वाटतं, आणि ह्याच्या डोक्यातच गाऊ लागलेत सगळे, म्हणून ह्याला वाटलं आपल्याला डुप्लिकेट माल आला. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं पण मी बोललो नाही, म्हणलं आपले कान गावठी असतील.

सरांनी उत्तर द्यायच्या आधी पिशवी उघडली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, सर इअरफोन चष्म्याच्या केसात ठेवतात, एका केसात एक जोडी, असे पाच केस, प्रत्येकावर पेनानं नाव. लांबून बघणाऱ्याला वाटावं नेत्र शिबिर लागलंय. मग मोबाईल काढून ग्राफ. हा माणूस गणिताचे क्लासेस घेतो, ह्याला आलेख दिसला की लग्नातला मठ्ठा दिसल्यासारखं होतं.

"हे बघ, ही हार्मन कर्व्ह, म्हंजे लोकांना कुठला आवाज किती मोठा आवडतो त्याची रेघ. अमेरिकेत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या टीमनं शेकडो माणसांना ऐकवून काढलेली. माणसाच्या कानाची नळीच अशी की तीन किलोहर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढतो, म्हणून इअरफोनला पण तिथं डोंगर पाहिजे. मूनड्रॉपचा चू टू बघ, कसा कर्व्हला चिटकून चाललाय. आणि हा झिरो टू, खाली सब-बेस, म्हंजे सगळ्यात खालची धूम, उचललेला, हा तर क्रिनॅकलनं..."

"कोण किरण काकडे?" मामा आतून.

"क्रिनॅकल! सिंगापूरचा आहे, हजारावर इअरफोन मोजलेत त्यानं."

"मोजलेत, का ऐकलेत?" हे बाप्पूभाऊ. इतका वेळ गप बसून सुपारी कातरत होते.

बाप्पूभाऊ म्हंजे मंडप आणि साउंड. गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत सप्ताह कुठंही असो, मिक्सरच्या बोर्डवर बाप्पूभाऊ. वीस-बावीस वर्षं झाली. सरांचं आणि त्यांचं जुनं आहे, 2011 च्या गॅदरिंगपासूनचं, आणि सर ते विसरायला तयार नाहीत.

"तुम्ही तर साउंडबद्दल बोलूच नका भाऊ. माझी कविता चालू असताना शिट्टी वाजली होती तुमच्या सिस्टीमची."

"सर, देवाशप्पथ सांगतो, ती शिट्टी माझ्या माइकनं नव्हती वाजवली. पब्लिकनं वाजवली होती."

ह्याच्यावर पाच मिनिटं गेली. इम्रानभाई समोरच्या त्याच्या मोबाईलच्या टपरीतून उठून आला, "क्या हुआ, सर फिर कविता बोले क्या?" म्हणत.

इम्रानभाईचं दुकान म्हंजे दीडशे रुपयेवाले इअरफोन, सहा महिन्यात एक कान बंद. त्याला ह्या सगळ्या चायनीज प्रकाराचा वेगळाच राग आहे. "मैं भी चायना का बेचता, ये भी चायना का, मेरेकू कचरा बोलते और इसकू ऑडिओफाइल." मुद्दा अगदीच खोटा नाही. केझेड कंपनी शेन्झेनची, मूनड्रॉप चेंगडूची, आणि आपण इथं भांडू लागलोत. बाप्पूभाऊ म्हणले, "जगात जर्मनी, भारतात परभणी हे लहानपणापासून ऐकू लागलो, मधी हा चायना कुठून घुसला? जर्मनीचा सेनहायझर घ्यायचा ना मग." सर म्हणले त्याच्या चांगल्या मॉडेलच्या पैशात तुमचा एक बॉक्स येतो. बाप्पूभाऊ म्हणले, माझ्या बॉक्सवर आठशे माणसं ऐकतात, तुमच्या ह्याच्यावर एकटा माणूस, ते पण बायको झोपल्यावर.

बायकोवरून बर्न-इनची गोष्ट निघाली, ती मी नाही काढली, पिंट्यानं काढली. सरांचं म्हणणं असं की नवीन इअरफोन शंभर तास वाजवत ठेवल्याशिवाय मोकळा होत नाही. म्हणून हे रात्रभर पिंक नॉइज लावून फुल आवाजात उशाशी ठेवतात. आता पिंक नॉइज म्हंजे कसा आवाज, तर नळ सोडल्यासारखा. आणि आपल्या इकडं नळ कधी येतो हे मी काय सांगू. वहिनी रात्री दोनला उठल्या, नळ आला म्हणून बादल्या, हंडा, दोन टोपले बाथरूममध्ये नेऊन लावले आणि मग कळलं की पाणी नवऱ्याच्या उशाखाली येऊ लागलंय. तेव्हापासून घरात बर्न-इन बंद.

"मग फरक पडला का काही, शंभर तासांनी?" मी विचारलं.

"पडला. आता वहिनी नळ आला तरी उठत नाहीत," पिंट्या म्हणला.

सर चिडले. सर चिडले की इंग्रजी शब्द वाढतात. ट्रेबल एक्स्टेन्शन, मायक्रो डिटेल, सोळा किलोहर्ट्झच्या वरची हवा, म्हंजे एकदम बारीक सुरांचा मोकळेपणा. हवा ह्या शब्दावर बाप्पूभाऊंनी सुपारी बाजूला ठेवली. म्हणले लावा तुमच्या मोबाईलवर ते टोनवालं ॲप. सरांच्या कानात चू टू, आणि बाप्पूभाऊ आकडा वाढवत चालले. दहा हजार हर्ट्झ, हात वर. बारा हजार, हात वर. चौदाला सरांनी डोळे मिटले. पंधराला हात अर्धा वर, मग खाली, मग परत अर्धा, क्लासमधल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखा. सोळाला काहीच नाही. मामाचा पुतण्या डबा घेऊन आला होता, आठवीतला, त्याच्या कानात तेच लावलं तर तो दचकून "ई" म्हणत उपटूनच टाकला त्यानं.

"हवा ह्याला लागली सर. तुमच्या-माझ्या खिडक्या बंद झाल्या," बाप्पूभाऊ म्हणले. "माझ्या तर बारालाच बंद होतात. कर्ण्याखाली जवानी गेली."

मला हा माणूस ह्याच्यासाठी आवडतो. पुढं ते जे बोलले ते सरांच्या सगळ्या निबंधांपेक्षा कामाचं होतं. म्हणले, बोर्डवर मी तीस वर्षांचा पोरगा असो का ऐंशीचा म्हातारा, सगळ्यांना एकच युक्ती करतो. कुणी म्हणलं साउंड बरोबर नाही, की मेन थोडासा वाढवायचा, अर्धा पॉइंट, आणि विचारायचं आता? लगेच, हां आता क्लियर झाला. काही क्लियर झालेलं नसतं, मोठा झालेला असतो. तुमचे हे दोन इअरफोन एकाच मोबाईलवर एकाच काडीवर लावले तर एक मोठा वाजणार एक बारीक, आणि मोठा वाजेल त्याला तुम्ही डिटेल म्हणणार. आधी दोघांचा आवाज सारखा करा मग भांडा.

"और बड्स," इम्रानभाई म्हणला. त्यानं पिंट्याच्या कानातला रबर काढून मोठा लावला, आणि पिंट्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बेस आला. आठ दिवस ह्या माणसाच्या कानात फट होती आणि सगळा बेस तिकडून निघून चालला होता. हजारो रुपयांच्या गप्पा आणि खोट दहा रुपयांच्या रबराची.

मग ऐकायचा कार्यक्रम सुरू झाला. बाप्पूभाऊंच्या मोबाईलमध्ये एका सप्ताहाचं कीर्तन होतं, थेट बोर्डवरून घेतलेलं, मधे महाराज, दोन्ही बाजूंनी टाळकरी, पखवाज जरा डावीकडं. सगळ्या केसांतून एकेक ऐकलं. माझं मत लिहितो, पटलं तर घ्या. सरांचा जुना केझेड झेडएसएन प्रो, त्यात टाळ लई पुढं येतात, पहिल्या अभंगाला भारी वाटतं, तिसऱ्याला कानात खिळे ठोकल्यासारखं. झिरो टू मध्ये पखवाजाची धूम खालून नीट उचलून येते आणि तरी महाराजांचा शब्द स्वच्छ. चू टू सगळ्यात साफसूफ, अगदी परीटघडीचा, पण मला जरा कोरडा वाटला. वानर ह्या सगळ्यात मऊ, गळा भरलेला, टाळ दोन हात मागं. कीर्तनाला मी वानर घेईन. पिंट्या म्हणला मला झिरो. इम्रानभाई म्हणला कव्वाली लगाओ, फिर बताता.

शेवटी बाप्पूभाऊंनी सरांचं वानर मागितलं. पिंट्याचं ऐकून झालं होतं, आता म्हणले सरांचं आणा, ज्याच्यावर निबंध लिहिलाय ते. सरांनी केस क्रमांक तीन उघडला. ह्याला त्यांनी वेगळी चांदीच्या मुलाम्याची केबल घेऊन लावली होती, वेणीसारखी गुंफलेली, केबलची किंमत इअरफोनच्या जवळपास.

बाप्पूभाऊंनी कानात घातलं. दहा सेकंद झाली. कपाळाला आठी. काढलं, परत घातलं.

"सर, महाराज दोन झाले की हो."

"म्हंजे?"

"एक ह्या कानात, एक त्या कानात. मधी कुणीच नाही. आणि धूम बघा, कणीक न लावता पखवाज वाजवल्यासारखी."

"तोच तर साउंडस्टेज आहे भाऊ! आवाज डोक्याबाहेर गेला की नाही?"

"डोक्याबाहेर नाही सर, हा जिल्ह्याबाहेर गेला."

आणि मग ते हसायलाच लागले. एकटेच. आम्हाला काही कळंना. हसणं थांबल्यावर इम्रानभाईला म्हणले, टॉर्च मार रे, आणि उजव्या बाजूची पिन काढ. ती शून्य पॉइंट अठ्ठ्याहत्तर मिलीमीटरची दोन पिनांची केबल असते बघा, दोन केसाएवढ्या काड्या, एक प्लस एक मायनस, सुलटी पण बसते आणि उलटी पण बसते, कुणी अडवत नाही. सरांनी नवी केबल लावताना एक बाजू सुलटी लावली होती आणि एक उलटी.

बाप्पूभाऊंनी समजावून सांगितलं ते असं. मंडपात दोन बॉक्सपैकी एकाची वायर नवीन पोरानं उलटी जोडली की एका बॉक्सचा कोन हवा भाईर ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा आत ओढतो, दोघं एकमेकाचा बेस खाऊन टाकतात, आणि मधे बसलेल्या म्हाताऱ्यांना महाराज कुठून बोलू लागलेत तेच कळत नाही. इथं दोन कान वेगळे म्हणून बेस पुरता मरत नाही, पण डोकं गोंधळतं, मधला माणूस मधे बसत नाही, सगळं पातळ होऊन चारीकडं पसरतं.

"म्हंजे सर," पिंट्या एकेक शब्द चघळत म्हणला, "तुम्ही उलट्या वायरीवर निबंध लिहिला. आणि माझी वायर सुलटी आहे म्हणून मी आठ दिवस डॉक्टरला कान दाखवायच्या विचारात होतो."

सर काही बोलले नाहीत. इम्रानभाईनं नखानं पिन उपसली, फिरवली, बसवली. सरांनी कानात घातलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं. मामा पण गाळणी हातात घेऊन बाहेर आलेला.

"काय? आले का महाराज मधी?"

"आले," सर म्हणले. मग जरा वेळानं, लई बारीक आवाजात, "पण साउंडस्टेज गेला."

मामाच्या हातातली गाळणी पडली. बाप्पूभाऊ कट्ट्यावर आडवे. त्यात सर शांतपणे इम्रानभाईला म्हणतात, होती तशीच उलटी कर, मला तशीच आवडते. इम्रानभाई म्हणला, "उलटी करने के बीस रुपये." सरांनी दिले. खरंच दिले, मी पाहिलंय.

हे बघून पिंट्यानं पण आपलं वानर पुढं केलं. म्हणला, मी निबंध वाचून पैसे घातलेत, मला पण निबंधातला आवाज पाहिजे, माझी पण उलटी कर. इम्रानभाईनं टॉर्च तोंडात धरून डावी पिन काढली, उलटी करून बसवली, मग उजवी काढली, ती पण उलटी करून बसवली, वीस रुपये खिशात.

पिंट्यानं कानात घातलं, डोळे मिटले.

"हां! आता आला बघा साउंडस्टेज! महाराज थेट मामाच्या भट्टीपशी उभे!"

मी इम्रानभाईला हळूच विचारलं, दोन्ही बाजू उलट्या केल्या तर काय होतं.

"दोनो उल्टे तो वापस सीधा," तो म्हणला. "उसकू मत बोलो."