फिजिशियन असोसिएट म्हणजे 'दोन वर्षांत झालेला डॉक्टर' नव्हे

ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासणाऱ्या फिजिशियन असोसिएटबद्दल एक मेसेज फिरतोय: 'दोन वर्षांचा कोर्स केलेले हे लोक डॉक्टर म्हणून बसतात आणि औषधं लिहून देतात.' दोन वर्षांचा भाग बरोबर आहे, बाकीचा नाही.

हा कोर्स साधारणपणे विज्ञानाच्या पदवीनंतरचा असतो. पोटदुखीचा पेशंट आला तर असोसिएट त्याची माहिती विचारतो, पोट दाबून तपासतो, नोंदी लिहितो, निदानाचा अंदाजही मांडतो. पण प्रिस्क्रिप्शनवर त्याची सही चालत नाही आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायलाही त्याला सांगता येत नाही. ते डॉक्टरच ठरवतात आणि काम त्यांच्याच देखरेखीखाली चालतं. अमेरिकेत मात्र याच पेशातल्या लोकांना औषधं लिहिता येतात. गोंधळ बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

'यांच्यावर कुणाचा अंकुश नाही' हेही आता जुनं झालं. डिसेंबर 2024 पासून डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलकडेच यांचीही नोंदणी होते. त्यांच्या नोंदणी क्रमांकाआधी 'ए' हे अक्षर असतं.

तरी लोकांची काळजी खोटी नाही, हे मी मुद्दाम सांगतो. समोरचा माणूस डॉक्टर नाही हे न कळताच तपासून घेतलेले पेशंट आहेत, आणि ते फार गंभीर आहे. या पेशाचा आढावा घेणाऱ्या जुलै 2025 च्या लेंग अहवालाने म्हणूनच नाव बदलून 'फिजिशियन असिस्टंट' करावं, असं सुचवलं. तुम्हाला शंका आली तर सरळ विचारा, "तुम्ही डॉक्टर आहात का?" हे विचारण्यात काहीच गैर नाही.