‘चिकटलेली आतडी मोकळी करतो’ या आमच्या ओळीबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

दोन सिझेरियननंतर आतडी चिकटल्यामुळे चार वर्षे पोट दुखते आहे, शस्त्रक्रिया नको म्हणून आपण घोडबंदर रोडवरून नौपाड्यापर्यंत खेपा घातल्या, आमच्याकडे पोटावर हाताने करायच्या उपचाराच्या बारा सिटिंगचे पैसे आगाऊ भरले आणि आठव्या खेपेला आम्ही ‘सर्जनना दाखवा’ म्हणून दारातूनच परत पाठवले, ही आपली तक्रार मी वाचली. आपली फाइल इथे उघडणे योग्य नाही, म्हणून आपण स्वतः लिहिले आहे तेवढ्यालाच उत्तर देते.

आमच्या पत्रकावर ‘चिकटलेली आतडी विना शस्त्रक्रिया मोकळी करतो’ असे छापले होते. ती ओळ चुकीची होती, आणि छापायला जाण्याआधी मीच ती वाचून होकार दिला होता. शस्त्रक्रियेत पोटाच्या आतल्या अस्तराला इजा झाली की ती भरताना तंतूंचे जाळे धरते. ते वेळेत विरघळले नाही तर त्याचे चिवट पट्टे होतात, आणि असे जुने पट्टे हाताच्या उपचाराने सुटतात हे माणसांमध्ये सिद्ध झालेले नाही. उंदरांवरच्या प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू केलेल्या मालिशमुळे चिकटणे कमी झाल्याचे दिसले आहे, पण तेवढ्या आधारावर असे छापणे म्हणजे फुगवून सांगणे झाले. आमच्या हातून होण्यासारखे आहे ते असे, की टाक्यांभोवतीची ताठरलेली जागा सैल पडते, श्वास पोटापर्यंत पोचू लागतो आणि दुखेल या धास्तीने पोट धरून, वाकून चालणारी बाई हळूहळू ताठ चालू लागते. कुणाला याने बराच आराम पडतो, कुणाला अजिबात पडत नाही. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवे होते.

‘टाक्यावर बोट दाबून मान उचलायला लावली, ही कसली तपासणी?’ असे आपण विचारले आहे. ती कार्नेट या अमेरिकी सर्जननी १९२६ मध्ये वर्णन केलेली जुनी तपासणी आहे. मान उचलली की पोटाचे स्नायू आवळतात. तेव्हा बोटाखालची कळ कमी झाली तर दुखणे बहुधा आत असते, आणि तशीच राहिली किंवा वाढली तर ते पोटाच्या भिंतीत, कित्येकदा व्रणात अडकलेल्या एखाद्या बारीक नसेत असते. तसे असेल तर त्या जागी भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन पाहता येते, जे आमचे नव्हे, वेदनातज्ज्ञांचे काम आहे.

‘दुर्बिणीतून सोडवून घेतले असते तर केव्हाच बरी झाले असते,’ याच्याशी मात्र मी सहमत नाही. नेदरलँड्समधील १०० रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बीण सगळ्यांच्याच पोटात घातली, पण पट्टे निम्म्यांचेच कापले. वर्षभरानंतर दुखणे दोन्ही गटांत कमी झाले होते आणि गटागटांत फरक नव्हता. शिवाय प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चिकटण्याची शक्यता असतेच.

त्या दिवशी आपल्याला उलट्या होत होत्या, पोट फुगले होते आणि वात सरत नव्हता, असे आपणच लिहिले आहे. चिकटलेल्या पट्ट्याने आतड्यात अडथळा आला तर नेमकी हीच लक्षणे दिसतात, आणि अशा पोटाला आम्ही हात लावायचा नसतो. परत पाठवल्याबद्दल म्हणून मी माफी मागत नाही. पण ते दारात उभ्या उभ्या, कारण न सांगता आणि हातात चिठ्ठी न देता सांगितले गेले, त्याबद्दल मागते.

उरलेल्या पाच सिटिंगचे पैसे आपण भरले त्याच खात्यावर परत पाठवले आहेत. आगाऊ पॅकेज घेणे बंद केले आहे आणि जुनी पत्रके रद्दीत गेली. तपासणीत काय आढळले ते सर्जनसाठी लिहिलेली चिठ्ठी बंद पाकिटात काउंटरवर ठेवली आहे. आपण फोन करून नाव सांगाल त्याच्याच हाती ती दिली जाईल.