गुरुजी, परत एकदा अंतरपाट धरा म्हणे!

"गुरुजी, जरा परत अंतरपाट धरा ना, शॉट हलला." हल्ली मंगल कार्यालयात हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. पंचांग उघडून मुहूर्त काढायचा, १२ वाजून २३ मिनिटं असं पत्रिकेत छापायचं, आणि गिम्बलवाल्याचा (कॅमेरा स्थिर धरणारी दांडी घेऊन फिरणाऱ्याचा) हात हलला म्हणून तोच मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांनी पुन्हा लावायचा! वर पॅकेजचं नाव काय, तर 'कँडिड डॉक्युमेंटरी', म्हणजे जे घडतं ते न थांबवता तसंच टिपणं. डोंबलाची डॉक्युमेंटरी!

बरं, तो क्षण हुकायचं काही कारण तरी आहे का? लग्नात एवढी आगाऊ वर्दी देऊन येणारी दुसरी गोष्ट नाही. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' कानावर पडलं की जागा धरायची. कापडाची नुसती कडा दिसेल अशा बाजूला उभं राहायचं, म्हणजे दोन्ही चेहरे एकाच फ्रेममध्ये येतात. ३५ एमएमची लेन्स, तिचं छिद्र एफ ४, शटर सेकंदाच्या १/५०० भागाचं, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२०० ते ६४००. ऑटोफोकसची संवेदनशीलता कमी करून ठेवायची, नाहीतर समोरून उडालेली अक्षता फोकस पळवते आणि चेहरे मऊ येतात. एवढं केलं की 'परत एकदा' म्हणावं लागत नाही. पण त्यासाठी गुरुजी काय म्हणताहेत हे ऐकावं लागतं. इथे फोटोग्राफरच्या एका कानात इयरफोन असतो आणि दुसऱ्या कानाशी रीलवाला "भाऊ, जरा बाजूला" म्हणत उभा असतो.

आणि दुसरा फोटोग्राफर? तोही नवरा-नवरीवरच. एकच फोटो दोघांनी दोन हात अंतरावरून काढायचा आणि पैसे दोघांचे लावायचे. अजूनही बऱ्याच घरांत मुलीची आई मंगलाष्टकं ऐकत नाही, तुळशीला पाणी घालत बाजूला बसते. खरा फोटो तिथे असतो. तिथे कुणी फिरकत नाही, कारण तिथे डेकोरेशन नसतं. तिला नंतर स्टेजवर बोलावून डोळे पुसायला लावतात. "काकू, जरा वर बघा, हां, आता पुसा." लाज वाटत नाही?

रीलवाल्यांचं तर विचारूच नका. २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, इन्स्टाग्रामवर रील आले आणि लग्नात आणखी एक जमात घुसली: फोनवर उभं शूट करून त्याच रात्री पोस्ट करणारी. उभ्या चौकटीत दोन माणसं बसवायची तर जवळ जावं लागतं, म्हणून हे महाशय थेट होमाच्या कडेला जाऊन बसतात. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, तेव्हा ओंजळ, भावाचे हात आणि धूर एवढंच दिसायला हवं. दिसतो तो रीलवाल्याचा टी-शर्ट आणि फोनचा पांढराफटक टॉर्च. होमाच्या पिवळ्या उजेडात तो निळसर झोत पडला की अर्धा चेहरा भाजका, अर्धा प्रेताचा. एडिटमध्ये एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते.

उजेडावरून आठवलं, ती स्टेजमागची एलईडी वॉल! अक्षता हवेत गोठवायला १/५०० शटर लागतं, आणि त्या शटरला असल्या भिंतीच्या लुकलुकीमुळे फोटोभर आडवे काळे पट्टे येऊ शकतात. सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं असेल तर विचारायलाच नको. उपाय फुकट आहे: मेकॅनिकल शटर वापरा आणि मुहूर्ताची पाच मिनिटं वॉल बंद ठेवा. पण वॉलचे पैसे मोजलेत ना, मग ती फिरत्या गुलाबांसकट चालूच राहणार. वर जांभळे-गुलाबी पार लाइट, म्हणजे स्टेजचे रंगीत झोत, थेट तोंडावर. असल्या उजेडात त्वचेचा रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही, मग रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न बदललेली फाइल) असो नाहीतर आणखी काही, नंतर आणणार कुठून? विधींपुरते दोन उबदार पांढरे दिवे, ३२०० केल्व्हिनचे, छताकडे किंवा पांढऱ्या कापडाकडे वळवून लावले तर भागतं. डेकोरेटरला हे आधी, अॅडव्हान्स देताना सांगायचं असतं. मंडपात मुंडावळ्या बांधून झाल्यावर नाही.

एवढ्यातून काही बरं आलंच, तर त्यावर प्रीसेट, म्हणजे रंगांचा तयार साचा, फिरवतात. तो 'मूडी' प्रीसेट हिरव्या रंगाचा जीव घेतो, कारण परदेशातल्या जंगलात काढलेल्या फोटोंतली झाडं करडी दिसावीत म्हणून तो बनवलेला आहे. आपल्याकडे तो लावला की हिरवा चुडा शेवाळी होतो, हळद मोहरीच्या चटणीसारखी दिसते आणि कुंकू विटकरी. नवरीने हौसेने भरलेला चुडा अल्बममध्ये शेवाळी! प्रीसेट लावायचाच असेल तर हिरव्या-पिवळ्याची सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) आधी जागेवर आणा, दोन स्लायडर हलवायचे असतात. पण ४००० फोटोंना एका क्लिकमध्ये रंग फासायची सवय लागली की दोन स्लायडरसुद्धा जड होतात.

घरच्यांनाही सूट नाही हं. पाहुण्यांनी फोन उंचावले की मागच्या रांगेतल्या आजीला नातीचं लग्न सहा इंची स्क्रीनवर बघावं लागतं. बैठक ठरते तेव्हाच 'मंगलाष्टकं होईपर्यंत फोन खाली' असं ठरवा आणि माइकवर कुणा दणदणीत मामांना बोलायला लावा. करवलीने सांगून कुणी ऐकत नाही.

सगळ्यात संताप आवाजाचा. आत्या पट्टी सोडून, मध्येच गहिवरून मंगलाष्टक म्हणते. त्या घरात ते पुन्हा तसं कधी होणार नाही. व्हिडिओत काय ऐकू येतं? सिनेमातलं गाणं. गुरुजींच्या उपरण्याला एक छोटा रेकॉर्डर अडकवायचा, रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची, आणि मंगलाष्टकांच्या माइकसाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाइन घ्यायची, कारण स्पीकरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर फाटतो. दहा मिनिटांचं काम. ड्रोनला पैसे आहेत, कोल्ड पायरोला (थंड ठिणग्यांच्या कारंज्याला) आहेत, याला नाहीत. टीझरवर, म्हणजे छोट्या झलकेवर, गाणं हवं तर खुशाल लावा, पण मूळ आवाजाची फाइल मागून बघा एकदा. "साहेब, ते बॅकग्राउंडला साँग टाकायचं होतं ना, म्हणून ऑडिओ घेतलाच नाही."