रेडिएशनने हाडांचा भुगा होत नाही

व्हॉट्सॲपवर हा मजकूर मला आतापर्यंत चार ग्रुपांवर आला आहे: "प्रोस्टेटला रेडिएशन दिलं की कमरेच्या हाडांचा जळून भुगा होतो. नंतर दुखलं की समजायचं, कॅन्सर हाडात गेला. त्यापेक्षा रेडिएशन टाळा, डिंकाचे लाडू खा." माझ्या बाबांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी २० दिवस 'लाईट', म्हणजे रेडिएशन, घेतले आणि दीड वर्षाने त्यांच्या कमरेच्या हाडाला खरोखरच चीर गेली. म्हणूनच गप्प बसवत नाही.

"हाडांचा भुगा होतो." यात खऱ्याचा अंश आहे, तो आधी मान्य करते. किरण ज्या हाडातून जातात तिथल्या, नवं हाड घडवणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या मार खातात. मग रोजच्या उठण्याबसण्याने पडणाऱ्या बारीक भेगा नीट बुजत नाहीत. माकडहाडाच्या वरचं जे त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी, त्याला कधी कधी न पडता-झडता चीर जाते. पण बहुतेकांना हे होत नाही.

आणि हाडं पोकळ करणारं जे मोठं कारण आहे, त्याचं मेसेजमध्ये नावही नाही: हार्मोनचं इंजेक्शन. रेडिएशनच्या जोडीला ते अनेकांना काही महिने, कुणाला दोन-तीन वर्षं देतात. ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणतं, आणि ते खाली आलं की हाडांची झीज वेगाने सुरू होते. अंडकोष काढण्याच्या ऑपरेशननंतरही हेच. अमेरिकेत ५० हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये एक अभ्यास आला. निदानानंतर किमान ५ वर्षं जगलेल्यांत हार्मोन उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचं हाड मोडलं होतं, न घेतलेल्यांत १२.६ टक्के. इंजेक्शन गरजेचं असतं, ते बंद करू नका. पण सुरू करतानाच डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता बघायला सांगा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा मला आजही राग येतो.

"दुखलं म्हणजे कॅन्सर हाडात गेला." या वाक्याने आमचे तीन आठवडे खाल्ले. बाबा खुर्चीचे हात धरून, दात आवळून उठायचे. आडवे झाले की थोड्या वेळात चेहरा निवळायचा. बोन स्कॅनवर त्रिकास्थीत काळा डाग दिसला आणि आईने देवापुढे बसून रडून घेतलं. पण त्यांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरवर नजर ठेवणाऱ्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेला नव्हता. एमआरआय केला तेव्हा कळलं, ती गाठ नव्हे, भेग. बोन स्कॅनवर भेगही तशीच उठून दिसते. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरला 'इथे रेडिएशन झालंय' हे आपणहून सांगा. आडवं पडल्यावर थांबणारं दुखणं चिरेकडे बोट दाखवतं, पण तेवढ्यावरून घरीच निदान करू नका. पायातली शक्ती गेली, जांघा बधिर झाल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जू दबला असेल तर वेळ फार थोडा असतो.

"डिंकाचे लाडू खा." खुशाल खा. पण झीज झालेल्या हाडांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही अनेकदा पुरत नाही. हार्मोनचे उपचार घेणाऱ्या पुरुषांना दर ६ महिन्यांनी डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊन पाहिलं, तेव्हा ३ वर्षांत मणक्याला नवी चीर गेलेल्यांचं प्रमाण ३.९ वरून १.५ टक्क्यांवर आलं. दोन गोष्टी मात्र विसरू नका: सुरू करण्याआधी दात तपासून घ्यायचे, कारण या औषधाने क्वचित जबड्याचं हाड मरतं, आणि डॉक्टरांना न विचारता ते मध्येच सोडायचं नाही.

"रेडिएशन टाळा." प्रोस्टेटपुरता असलेला कॅन्सर रेडिएशनने बरा होऊ शकतो. तो खरंच हाडात गेला तर दुखणं शमवायलाही रेडिएशनच देतात, पुष्कळदा एकाच बैठकीत.

बाबा चार महिने वॉकरवर होते. आता कठड्याला धरून जिना उतरतात आणि सकाळचं दूध स्वतः आणतात.